पाटीला हात

माळावरच्या चढणीला मथुरेच्या कमरेत कळ आली आणि ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. पुढे चाललेली तिची सून अनुजा घाबरली. गुडघे टेकून तिने डोक्यावरची मासळीची पाटी कशीबशी खाली ठेवली आणि सासूला धरायला धावली. घोळ झाला तो तिथेच.

दहा मिनिटांत कळ ओसरली. मथुरा उठली, चार पावलं चालून बघितली. कंबर ताळ्यावर होती. पाटी मात्र खालीच होती.

भरली पाटी एकटीला खाली घेता येते, वर नाही. घरासमोर टेकवली तर त्या घरची बाई हात लावते, एसटीच्या थांब्यावर कंडक्टर लावतो, वाटेत जो कोण भेटेल तो लावतो. तिथे कोण ओळख बघत नाही की जात बघत नाही. तीस वर्षांत मथुरेच्या पाटीला निम्म्या तालुक्याने हात लावला असेल. पण इथे उघडा कातळ. जवळपास घर नाही, पाटी चढवून ठेवायला साधा दगडी गडगा नाही. बांगड्यांवरचा बर्फ पाघळून पाटीखाली ओघळ लागला होता आणि कट्टा गावातली गिऱ्हाइकं काही दुपारपर्यंत वाट बघणार नव्हती.

"मी लावतंय हात," मथुरा वाकली.

"आई, तुमका माजी शपथ आसा! डॉक्टर काय म्हणाले इसारलात?"

विसरते कशाला? सावंतवाडीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "झोपून राहिलात तर अंथरूणच धराल. रोज चाला, भरपूर चाला. पण वजन नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही." वजन नाही म्हणजे पाटी नाही, हे मथुरेच्या डोक्यात शिरायला घर यावं लागलं. घरी आल्यावर ती न्हाणीत जाऊन रडली.

आणि चालायचं तरी कुठे? जन्मात कामाशिवाय उंबरा न ओलांडलेली बाई. हात हलवत समुद्रावर फेऱ्या मारल्या तर लोक तोंडावर विचारतील, काय गो, काय हरवलं? त्यापेक्षा हे बरं. पाटी सुनेच्या डोक्यावर आणि आपण तिच्या सोबतीला. वाड्या दाखवायच्या, कोण घासाघीस करतं आणि कोण उधार बुडवतं ते कानात सांगायचं. पंधरा दिवस हे चाललं होतं. पाठीला उतार पडला तो चालण्याने, असं ती घरात सांगायची. मथुरेशिवाय सुनेचं चालत नाही, हे औषध जास्त लागू पडलं होतं, ते नाही सांगायची.

अनुजाने एकटीने पाटी उचलून बघितली. पाटी मांडीपर्यंत आली, कलली, आणि तिने दातओठ खात ती परत खाली टेकवली. दोन बांगडे मातीत पडले. तिने ते उचलून पुसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सासूकडे तिने पाठ ठेवली.

एक मोटारसायकल आली. अनुजाने हात केला. गाडी हळू झाली.

"थांबया काय रे? पाटी आसा," मागे बसलेला म्हणाला.

"दोगी आसत मगे! एकमेकींका लावतीत हात," चालवणारा म्हणाला, आणि गाडी पुढे गेली.

मग शाळेच्या बाई स्कूटरवरून आल्या. मथुरेला बघून छान हसल्या, मान हलवली, आणि अनुजा "ओ बाई" म्हणेपर्यंत वळणापलीकडे गेल्यासुद्धा. नंतर एक टेम्पो गेला. त्याने तर हॉर्न वाजवला, दोघींनी कडेला व्हावं म्हणून.

मथुरा पाटीकडे बघत राहिली. तीस वर्षांत रस्त्यावर ती कधी इतका वेळ खोळंबली नव्हती. एकटी बाई पाटीजवळ उभी दिसली की सायकलवाला पाय टेकतो, बैलगाडीवाला उडी मारून उतरतो. आज कोणी थांबत नव्हतं, कारण पाटीजवळ दोन बायका होत्या. आणि त्यातली एक ती होती.

इतकं वाईट तिला डॉक्टरांसमोरही वाटलं नव्हतं.

"मी फुडे जातंय गो," ती म्हणाली. "तू ये मागसून."

"एकटी? परत कळ इली तर?"

"चालूकच सांगल्यानी मा डॉक्टरांनी? मगे?"

ती निघाली. मागे वळून बघितलं तर पाय अडतील, म्हणून बघितलं नाही. वळण ओलांडलं, करवंदीच्या जाळीआड झाली, तरी चालत राहिली. थोड्या वेळाने मागून पाववाल्याचा भोंगा ऐकू आला. मध्येच तो थांबला. पाटीला हात लावायला लागतो तेवढाच वेळ थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला.

पाववाल्या इक्बालने तिच्याजवळ येऊन गाडी उभी केली. पंधरा-वीस वर्षांची ओळख.

"मावशे! कंबार कशी आसा?"

"बरी आसा रे. चालतंय."

"चालूकच होया." त्याने मागे बोट दाखवलं. "थय एक नवी पोरगी पाटी घेवन उभी होती. हात लावलंय तिका. कवळी आसा गो अजून, मान लटलटता. आणि सोबतीक कोण नाय बिचारेच्या."

सून माझी, हे मथुरेच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"होय," ती म्हणाली. "उद्यापासना ती एकटीच येतली. दिसली तर थांब हां, बाबा."