फडकं गुंडाळलेला बांबू

तीन राज्यांच्या हद्दी सरोवराच्या मधोमध जिथं एकमेकींना भिडतात, तिथं तराफा मांडला होता. तराफ्यावर टेबल, टेबलावर हिरवं कापड आणि भोवती तिन्ही राज्यांच्या साहेबलोकांच्या खुर्च्या: थोरले साहेब, बाईसाहेब आणि बुटके साहेब. दुसऱ्याच्या हद्दीत पाय पडायला नको, म्हणून प्रत्येक राज्यानं तराफ्याची आपापली फाक घरूनच करून आणली होती. सगळ्या फाका मध्ये एका दोरानं आवळल्या होत्या आणि मागून आपापल्या लाँचला बांधल्या होत्या. असा तराफा जगात दुसरीकडे सापडला, तर मी मिशा उतरवीन.

बांबूभर अंतरावर एक बोट होती, कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसांनी खच्चून भरलेली. या काठाला लागली की इथले शिपाई बांबूनं मागे ढकलत, त्या काठाला लागली की तिथले. हे इतकं चाललं होतं, की बोटीवरच्या गंजक्या डब्यातल्या रोपाला टोमॅटो धरले होते आणि एका कोंबडीची पिल्लं वाढून स्वतः अंडी घालू लागली होती. सरकारदरबारी ती अंडीही बेकायदेशीर होती.

थोरले साहेब मनाचे मऊ. बांबू माणसांच्या छातीत बसतो अशी ओरड झाली, तेव्हा त्यांनीच हुकूम काढला, टोकाला फडकं गुंडाळा. बाकीच्या दोन्ही राज्यांनी तो लगेच उचलला. तिघांचं एकमत झालं असं ते एवढंच.

आज मात्र बोटीवरच्या माणसांची वाटणी व्हायचीच होती. बोटीच्या तळाला चीर गेली होती. एक मुलगी परातीनं पाणी उपसत होती आणि तिचा हात थांबला की बोट जराशी खाली बसत होती.

"तरणीताठी आम्ही घेऊ," थोरले साहेब म्हणाले.

"वा! आणि म्हातारेकोतारे आमच्या गळ्यात?" बाईसाहेब म्हणाल्या. "साय तुम्ही काढा, आम्ही पातेलं घासतो."

बुटके साहेब खुर्चीतूनच हात हलवत होते. "आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही हो. कोंबड्या घेऊ फार तर."

"अंडी सोडून बोला," बाईसाहेब म्हणाल्या.

बोटीवरून एक उंच, वाळकी बाई हे ऐकत होती. तिला सगळे मावशी म्हणत. तिनं तोंडाशी हात धरून विचारलं, "साहेब, बोट जाईल आता. कुणाच्या पाण्यात बुडायचं तेवढं तरी ठरवा. आम्ही तिकडे सरकतो."

तिघांनीही माना खाली घातल्या, नकाशा जवळ ओढला आणि पुन्हा सुरुवातीपासून सुरू केलं. मग आवाज चढले. नकाशा बाईसाहेबांच्या बाजूनं फाटला. "उठलो आम्ही," बुटके साहेब म्हणाले. "आम्ही आधीच उठलोय," बाईसाहेब म्हणाल्या. आणि आपण मागे राहिलो असं दिसायला नको, म्हणून थोरले साहेबही उभे राहिले. तिघांनी आपापल्या लाँचवाल्याला एकदमच हात केला.

"ओढ रे."

लाँचवाले हुकमाचे पक्के. तिघांनीही ओढलं. मधला दोर तुटला, फाका आपल्या वाटेनं निघाल्या, टेबल आधी गेलं, खुर्च्या मागोमाग गेल्या. हिरवं कापड तेवढं पाण्यावर पसरून राहिलं.

साहेबलोक वर आले ते भलत्याच जागी. बुटके साहेब बाईसाहेबांच्या हद्दीत, बाईसाहेब थोरल्यांच्या आणि थोरले साहेब बुटक्यांच्या. कोट भिजून शिशासारखे जड झालेले. पोहता येत होतं कुणाला? सरोवराच्या खात्यात जन्म गेला, पण पाण्यात उतरायची वेळ कधी आली नव्हती.

"अरे, तुमचे साहेब आमच्या पाण्यात आलेत," एक लाँचवाला ओरडला. "घेऊन जा त्यांना."

"तुझ्या हद्दीत यायचं तर साहेबांचा हुकूम लागतो."

"मग विचार ना साहेबांना."

साहेबांच्या तोंडात पाणी होतं.

"तूच काढ की. तुझ्याच पाण्यात आहेत."

"आणि मग ठेवू कुठं? आमच्या काठावर उतरवले तर जबाब मला द्यावा लागेल." तिसऱ्यानं इंजिन बंद केलं आणि तो टोपी काढून उभा राहिला. सरोवर इतकं गप्प झालं, की परातीचा आवाजही ऐकू येईना. मुलगी उपसायची थांबली होती.

थोरले साहेब दोनदा खाली गेले, दोनदा वर आले. वर आले तेव्हा समोर बोटीची कड होती आणि कडेवर ओळीनं तोंडं.

लाँचवरून पडलेला एक बांबू वाहत बोटीशी आला होता. मावशीनं वाकून तो उचलला.

"मावशे," मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "आपल्यालाच जागा नाही गं. त्यात बोट गळतेय."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. तिनं पाय रोवले आणि बांबू दोन्ही हातांनी पुढे केला.

फडक्याचं टोक येऊन साहेबांच्या छातीला टेकलं. ओलं होतं, मऊ होतं. साहेबांचे दोन्ही हात पाण्याबाहेर आले आणि तसेच अधांतरी राहिले. या बांबूनं कुणाला ओढून घेतलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.