जादा मिनिटं

गाडीचं चार्जिंग पुरं होऊन बराच वेळ झाला होता. ओड्वार मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

काचेवर टकटक झाली. मागे गाडी घेऊन ताटकळलेली एक बाई होती.

"आजोबा, वायर काढा ना आता. उगाच दंड भरताय."

"काढतो, पोरी. मुलाच्या नंबरवरून फोन यायचाय, तेवढा येऊ दे."

"फोन काय, वाटेतही घेता येईल."

"गाडी हलवली तर येणार नाही," तो ओशाळून म्हणाला.

बाईला काही उमगलं नाही. गारठलेले हात चोळत ती आपल्या गाडीत जाऊन बसली.

चार्जिंगचं खातं एस्किलने, त्याच्या मुलाने, काढून दिलं होतं. म्हाताऱ्याला मोबाइलमधलं काही कळत नाही म्हणून सूचना त्याने स्वतःच्या नंबरवर लावल्या होत्या. जादा वेळ गाडी उभी राहिली की दंड ओड्वारच्या कार्डातून कापला जाई. 'गाडी हलवा' हा निरोप, ओड्वारच्या फोन नंबरासकट, एस्किलच्या नंबरवर जाई. मग तिकडून चिडून फोन येई. फोर्दे गावातल्या ओड्वारच्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्याचा फोन वाजायचा तो एवढ्यापुरताच.

आजही वाजला.

"पुन्हा तेच? केव्हाचा मेसेजवर मेसेज येतोय. कामावर आहे मी."

"चुकलं. जरा डोळा लागला."

"दर वेळी बरा डोळा लागतो हो तुमचा."

ओड्वार हसला. "जेवलास का?"

"पिझ्झा. फ्रीजरमधला."

"रोज तेच. बटाटे उकडायला असा किती वेळ लागतो? आणि खोकला?"

पलीकडचा आवाज निवळला. "कमी आहे. तुम्ही गोळ्या घेताय ना?"

"घेतो."

"मग काढा गाडी. आणि खात्यातला नंबर बदलून घ्या, किती वेळा सांगितलं. कुणाला तरी शेजारी बसवा आणि करून टाका."

"करीन." मागे हॉर्न वाजला. ओड्वारने फोन कानाशी घट्ट धरला. "ठेवू नकोस इतक्यात. एक विचारायचं दर वेळी राहून जातं."

"विचारा."

"एस्किल गेला आणि त्याचा हा नंबर तुला मिळाला, त्याला आता दोन वर्षं होतील. तुझं नाव काय रे, बाळा?"