सीटची वायर

गोल्फ मैदानावरचं गवत कापायचं मशीन पुन्हा मधेच बंद पडलं. वर बसलेला शिंगटे खाली न उतरताच ओरडला, "मेकॅनिक म्हणवतोस ना? तुझ्या हातालाच गुण नाही."

हिरामणने दातओठ खाल्ले. महिनाभर त्याने एकेक वायर हलवून पाहिली होती, बॅटरीची टर्मिनलं घासली होती. नव्या कायद्यानुसार अशा प्रत्येक मशीनची सीट चालवणाऱ्याची नाडी तपासायची आणि नाडी चुकली की इंजिन बंद करायची. ती सीटही त्याने दोनदा बदलली. तो स्वतः बसला की मशीन तासन्‌तास चालायचं. शिंगटे बसला की कधी दहा मिनिटांत बंद, कधी दोन तासांनी.

"मशीन चांगलं आहे, कामचोर तू आहेस," हिरामण म्हणाला. "मुद्दाम बूड उचलतोस."

"मग बस की तूच दिवसभर उन्हात."

हिरामणने सीटची वायर काढली आणि सीटला वगळून इंजिन डायरेक्ट केलं. "आता बघतो कसं बंद पाडतोस ते."

दुपारभर मशीन एकदाही थांबलं नाही. हिरामण सावलीत चहा पीत कापलेल्या सरळ पट्ट्या मोजत होता. शेवटच्या पट्टीला मशीन वळलंच नाही. ते कुंपणाच्या तारांना रेटत राहिलं, आणि शिंगटेची मान छातीवर पडली होती.

हिरामण धावला. शिंगटेचं मनगट धरायचं त्याला सुचलं नाही. त्याने सीटची वायर जोडली. माणूस जिवंत असेल तर मशीन चालूच राहणार होतं.

ते लगेच बंद पडलं.