न पोहोचलेला इशारा

"कॅप्टन, वादळ आपल्याच वाटेवर येतंय. वळसा घालू, फार तर एक दिवस उशीर होईल," हवामानाचा इशारा पुढे करत निवृत्तीला आलेला चीफ ऑफिसर म्हणाला.

"भीती वाटत असेल तर केबिनमध्ये जाऊन झोपा, काका!" तरुण कॅप्टनने त्याला उडवून लावलं आणि जहाज सरळ नेलं. वादळाने गाठलंच. सुटलेला माल बांधायला धावलेल्या चीफ ऑफिसरचा पाय मोडला.

बंदरावर चौकशी सुरू झाली तेव्हा कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं.

"इशारा माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही," तो म्हणाला.

"हो, तुमच्या चीफ ऑफिसरनीही हॉस्पिटलमधून तेच लिहून दिलंय," चौकशी अधिकारी म्हणाले. "सांगायचं राहून गेलं, चूक माझीच, म्हणतात."

कॅप्टनची मान वर होईना.

"साहेब, मी खोटं बोललो," तो कसाबसा म्हणाला. "आणि त्यांनीही खोटंच लिहिलंय, मला वाचवायला."