मातीचा नमुना

सांगलीत, बंद पडलेल्या ॲसिडच्या कारखान्यामागं आकारामची वस्ती होती. तिथं गवताची काडी उगवायची नाही, आणि अनवाणी पोरांच्या तळपायाला फोड यायचे. 'माती तपासा आणि आम्हाला दुसरीकडं जागा द्या' असे अर्ज देऊन देऊन आकारामच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठं चौऱ्याहत्तर साली माती तपासणारे साहेब पुण्याहून यायला राजी झाले.

त्यांना आणायला आकाराम पहाटेच एस.टी. स्टँडवर जाऊन बसला. गाडी आली दहाला. साहेबांना घेऊन तो घरी पोचला, तर बायकोनं, मनुबाईनं, अंगण असं चोपून सारवलेलं की त्यावर बूट टेकवायला साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. रांगोळी होती, शेजाऱ्याची खुर्चीही होती. साहेब खूश! त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या खुरप्यानं पायाजवळची ओंजळभर माती उकरली, पिशवीत भरली, चहा घेतला आणि गेले.

दोन महिन्यांनी कागद आला. 'माती निर्दोष व अत्यंत कसदार. वस्ती हलवण्याची गरज नाही.'

"कसदार?" आकारामनं कपाळाला हात लावला. "आगं, हितं तुळस जगंना, आन कसदार कशी म्हनत्यात?"

मनुबाई हळूच म्हणाली,

"आवं, तुमी ष्ट्यांडवर गेला, तवा आमी बायकांनी नदीकाठच्या मळीतनं धा बुट्ट्या गाळाची माती आणून वर पसरली. एवढा मोठा सायेब दारात येनार, आन त्येच्या पायाखाली आपली ही जळकी माती ठिवायची व्हय?"