फासळ्यांच्या तारखा

तीन फासळ्या चिरल्या होत्या आणि त्या एकाच दिवशी चिरल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मग पेशंटच्या गवंडी नवऱ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही जरा बाहेर थांबा."

गवंडी बाहेर गेला. आत त्याची बायको आणि लेक उरल्या.

"घरी कुणी हात उगारतं का?" बाईंनी हळूच विचारलं.

गवंड्याची बायको हसली, आणि कळ आली तशी लगेच थांबली. "कोण, हे? अहो, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर सोडायला हे चार गल्ल्या लांब जातात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. लेकही हसली नाही. ती शाळेत शिकवत होती. मुलांच्या काही आया डोळ्याखाली काळंनिळं घेऊन यायच्या, 'दारावर आपटले' म्हणून सांगायच्या. त्याही अशाच हसायच्या.

आईचं किडनीचं दुखणं चार वर्षांचं. अंगात रक्त टिकत नव्हतं, म्हणून ठरावीक महिन्यांनी दवाखान्यात लोहाचं सलाइन लावत. अंग ठणकतं म्हणून ती कुरकुरायची, पण आजारपण म्हटलं की अंग दुखायचंच, असं सगळ्यांनी धरलेलं. फासळ्यांचं मात्र कुणाच्याच गणितात बसेना. लेकीने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि माहेरी राहून वडिलांवर नजर ठेवली.

दिसलं ते बरं नव्हतं. उभा जन्म विटा उचललेला माणूस बायकोला पलंगावरून उठवायला शेजारच्या मावशींना हाक मारायचा. पाण्याचा पेला तिच्या हातात द्यायचा नाही, स्टुलावर ठेवून मागे सरायचा. अंथरूणही त्याने बाहेरच्या खोलीत नेलं होतं.

"हे कधीपासून?" लेकीने आईला विचारलं.

"झालं की वर्ष. दुखणाइताशेजारी कुणाला झोप लागते, बाई?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. एका सकाळी चहा गाळताना लेकीने सरळच विचारलं, "बाबा, आईच्या फासळ्या कशा मोडल्या?"

त्याने चपला पायांत सरकवल्या आणि कामावर निघून गेला. तो रविवार होता.

चोराच्या मनात चांदणं, लेक मनाशी म्हणाली. आईला आपल्या घरी न्यायचं तिने ठरवून टाकलं. त्याआधी पुरावा हवा होता. आईजवळ बसून, आठवणी उकरून, कळ केव्हा केव्हा उठली त्या तारखा तिने कागदावर उतरवल्या आणि पुढच्या सलाइनच्या दिवशी तो कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. "यातल्या प्रत्येक दिवशी बाबा घरी होते," ती म्हणाली.

बाईंनी कागद वाचला. मग फाइल उघडली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ त्यांचं बोट इकडून तिकडे फिरत राहिलं. नर्सने बाटली स्टँडला अडकवली होती.

"ती काढा," बाई म्हणाल्या. "आधी रक्त घ्या. फॉस्फरस बघायचंय."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. फॉस्फरस तळाला गेलं होतं.

"यांना कुणी मारलेलं नाही," बाई म्हणाल्या. "प्रत्येक कळ सलाइननंतरच्या दोन-तीन आठवड्यांतली आहे. या प्रकारच्या लोहाने काही जणांचं फॉस्फरस लघवीवाटे निघून जातं. मग हाडं मऊ पडतात. खोकला आला, कूस बदलली, तरी चिरतात. किडनीच्या पेशंटचं फॉस्फरस बहुतेक वाढलेलंच असतं, म्हणून कमी आहे का हे आम्ही पाहिलंच नाही. चूक आमची. लोह लागेलच, पण प्रकार बदलू. हाडं हळूहळू भरून येतील."

संध्याकाळी लेक बाहेरच्या खोलीत वडिलांसमोर बसली. सगळं सांगून झालं तरी तिच्याने वर बघवेना.

"बाबा, मी तुमच्यावर संशय घेतला."

"मीही घेतला," तो म्हणाला.

लेकीने मान वर केली.

"वर्षापूर्वी तिला उठवत होतो, तेव्हा माझ्या हातांत कट्कन वाजलं. ती काही बोलली नाही. पण मला ऐकू आलं होतं." मग आतल्या खोलीकडे बघत त्याने अगदी हळू विचारलं, "आता तिला हात लावला तर चालेल का?"