अर्धा उजेड

"वीजबचत? अगं, कुठल्या जमान्यात आहेस तू?" शैलेंद्र हसला. "ती कधीच संपली!"

सुमेधानं डोळ्यांवर आडवा हात धरला. शेजारच्या इमारतीतल्या त्याच्या प्रयोगशाळेत छतावरच्या सगळ्या ट्यूब लख्ख पेटल्या होत्या. तिच्या डाव्या कानशिलात ठणका सुरू झाला.

जपानात, त्सुकुबाला आल्यापासून अर्धशिशीनं तिचा पिच्छा पुरवला होता. प्रयोगशाळेत तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कंत्राटावरची परदेशी बाई, त्यात दुखणाईत, असं कुणी म्हणायला नको. रजा घ्यायची वेळ आली की पोटाचं निमित्त सांगे. मग तो मोठा भूकंप झाला, अणुवीज केंद्रं बंद पडली, आणि वीज वाचवायला संस्थेनं प्रत्येक खोलीतल्या अर्ध्या ट्यूब काढून नेल्या. लोकांची घरंदारं वाहून गेली होती, आणि हिची डोकेदुखी मात्र बरीच उतरली होती. त्या सुखाची तिला तेव्हापासून लाज वाटे.

आता तर नवाच घोर लागला. आपल्या खोलीतल्या ट्यूब परत बसवायला संस्था विसरली असणार. सांगावं, तर उजेड परत येणार. उजेडामागून ठणका, रजा आणि आणखी एक थाप. न सांगावं, तर समोरच्या टेबलाशी साठीला टेकलेल्या सहकारी ओकादा-सान होत्या. टेबलदिवा नाकाशी ओढून त्या पिपेटवरच्या रेघा वाचत.

सुमेधा गप्प राहिली.

शुक्रवारी ओकादा-सानची एक रेघ चुकली. आठवडाभराचे नमुने बेसिनमध्ये ओतून द्यावे लागले. त्या नुसता चष्मा पुसत राहिल्या. सुमेधाला ते बघवेना.

"ओकादा-सान, वीजबचत संपलीय. मला माहीत होतं, मी मुद्दाम बोलले नाही. फार उजेडानं माझं डोकं दुखतं." तिनं मान खाली घातली. "चुकलं माझं."

"आम्हाला गेल्या वर्षापासून माहीत आहे," ओकादा-सान म्हणाल्या. "ट्यूब परत बसवायच्या का, म्हणून संस्थेचे लोक विचारायला आले होते. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. आदल्या संध्याकाळी आम्ही तुम्हाला दिव्यांपासून डोळे झाकत, भिंत धरून घरी जाताना पाहिलं होतं. नको म्हणायला कुणालाच वेळ लागला नाही."